पिल्लू घेताना आई-बापाचे एक्स-रे मागा

डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात चिकूची बाग लावणारा शेतकरी कलम डोळे मिटून घेत नाही. मातृवृक्ष कोणता, जात कालीपत्तीच आहे ना, खुंट खिरणीचा आहे ना, हे तो खोदून खोदून विचारतो. चूक कळेपर्यंत काही वर्षे निघून जातात आणि तोवर जमीन अडकून पडते, हे त्याला ठाऊक असते. हाच माणूस वाडीवर लॅब्राडॉरचे पिल्लू आणतो, तेव्हा मात्र रंग, अंगलट आणि भाव पाहून व्यवहार उरकतो. पिल्लाची आई कुठे आहे, बापाचे वय किती, त्यांचे खुबे तपासले आहेत का, डोळे चांगले आहेत का, हे प्रश्न बहुधा निघतच नाहीत.

ते निघायला हवेत आणि तलासरी तालुक्यातल्या उधव्यासारख्या गावात तर अधिकच. दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळच्या या भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा बहुतेक वेळ गायी-बैल, शेळ्या आणि कोंबड्यांसाठी जातो आणि ते योग्यच आहे. कुत्र्याला भूल देऊन खुब्याचा एक्स-रे काढायचा किंवा सांध्याची शस्त्रक्रिया करायची, तर शहर गाठावे लागते. उपचार जितके लांब, तितकी खरेदीच्या वेळची चौकशी महत्त्वाची. आनुवंशिक दोष पिल्लासोबत घरात आला की तो काढून टाकता येत नाही, फक्त सांभाळता येतो.

लॅब्राडॉरवर मराठी माणसाचा जीव आहे, त्यालाही कारण आहे. 1993च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या पथकातल्या ‘जंजीर’ या लॅब्राडॉरने स्फोटके हुंगून काढली. त्याच्या कामगिरीत 3,329 किलो आरडीएक्सची नोंद आहे. नोव्हेंबर 2000मध्ये हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. शिकवलेले चटकन घेणारा, माणसांत रमणारा, लहान मुलांना सांभाळून घेणारा हा कुत्रा महामार्गालगतच्या फार्महाऊसपासून बोईसर-वापीच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे पोहोचला, तो या गुणांवरच. मागणी वाढली तसे पिल्ले विकणारेही वाढले. त्यातले काही जाणकार आणि प्रामाणिक आहेत. बाकीच्यांना मादी माजावर आली की मेटिंग लावायचे आणि वेत विकायचे, एवढेच ठाऊक.

या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या थंड समुद्रात कोळ्यांसोबत राबत. पुढे इंग्लंडमध्ये तिची पैदास झाली आणि 1903मध्ये तिथल्या केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. शुद्ध जात टिकवायची म्हणजे ठरावीक वंशावळीतच जोड्या लावायच्या. वळण, रंग आणि स्वभाव त्यामुळे पक्के होतात. पण एखाद्या नावाजलेल्या नराची पिल्ले सर्वत्र पसरली की त्याच्यातला लपलेला दोषही पसरतो आणि पुढे नात्यातल्याच जोड्या लागल्या की तो उघडा पडतो.

लॅब्राडॉरचे सर्वांत ठळक दुखणे खुब्याचे, म्हणजे हिप डिस्प्लेशियाचे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या खोबणीत नीट बसत नाही, सांधा सैल राहतो, घासतो आणि पुढे संधिवात जडतो. उठताना कुत्रा अडखळतो, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा पळतो, जिना टाळतो. मालकाला वाटते, आळशी झाला. हा दोष एका जनुकाचा नाही; अनेक जनुके मिळून तो घडवतात, म्हणून रक्त तपासून त्याचा सोक्षमोक्ष लागत नाही. एक्स-रेच काढावा लागतो. ब्रिटनमध्ये 1965पासून अशा एक्स-रेंना गुण देण्याची योजना चालते. प्रत्येक खुब्याला 0 ते 53 गुण, दोन्ही मिळून जास्तीत जास्त 106, आणि गुण जितके कमी तितका सांधा चांगला. अमेरिकेत 1966पासून अशी नोंद ठेवली जाते आणि तिथे अंतिम श्रेणी कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच देतात. पुढच्या पायांच्या कोपरांसाठीही अशीच तपासणी असते. इतक्या दशकांचा अनुभव हाताशी असताना आपल्याकडे आजही ‘हेवी बोन’ या दोन शब्दांवर पिल्लाचा भाव ठरतो. जाड हाडाचा आणि निरोगी सांध्याचा काहीही संबंध नाही. उलट झपाट्याने वजन घेणाऱ्या पिल्लाच्या सैल सांध्यावर जास्त भार येतो.

खुब्यांच्या बाबतीत पालनपोषणाचाही मोठा वाटा असतो आणि इथे गावाकडच्या माणसाची बाजू भक्कम आहे. नॉर्वेत लॅब्राडॉरसह चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला, तो 2012मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये हिप डिस्प्लेशियाचा धोका जास्त आढळला. मऊ, उंचसखल मोकळ्या जमिनीवर हिंडणाऱ्यांत आणि शेतावर जन्मलेल्यांत तो कमी होता. वाडीतली माती या पिल्लांसाठी गुळगुळीत फरशीपेक्षा कितीतरी बरी.

दुसऱ्या प्रकारचे दोष एकाच जनुकाचे असतात आणि ते चाचणीत स्वच्छ दिसतात. डोळ्याच्या पडद्याची हळूहळू झीज होणारा पीआरए हा त्यातला एक. आधी संधिप्रकाशात कुत्रा चाचपडतो, मग रात्री दिसेनासे होते, शेवटी आंधळेपण येते. लॅब्राडॉरमध्ये आढळणाऱ्या त्याच्या मुख्य प्रकाराचे जनुक 2006मध्ये सापडले. दुसरा दोष ईआयसी. जोरदार धावपळ सुरू झाल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत मागचे पाय लटपटतात आणि कुत्रा कोसळतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे जनुक 2008मध्ये शोधले. विश्रांती दिली की बहुतेक कुत्री थोड्या वेळात सावरतात, काही मात्र दगावतात. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पालघरमध्ये असा कुत्रा पडला, तर सगळे ‘ऊन लागले’ म्हणणार. ऊन लागणे हाही जिवावरचा प्रसंग असतो, त्यामुळे पाणी, सावली आणि डॉक्टर हे तर हवेतच. पण असे वारंवार झाले तर जनुकीय चाचणी करून घ्यावी.

हे दोन्ही दोष आई आणि बाप अशा दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच उघड होतात. एकाकडूनच आले, तर पिल्लू निरोगी दिसते आणि वाहक राहते. दोन वाहकांची जोडी लागली, तर प्रत्येक पिल्लू बाधित निघण्याची शक्यता चारात एक. हा हिशेब या पट्ट्याला नवा नाही. डहाणू-तलासरीत सिकलसेल या आनुवंशिक आजाराची तपासणी करणारे आरोग्य कर्मचारी ‘वाहक’ म्हणजे काय, हे घरोघरी समजावून सांगत आले आहेत. माणूस ते ऐकून स्वतःचा निर्णय स्वतः घेतो, आणि तो त्याचा हक्क आहे. कुत्र्याची जोडी मात्र दुसराच कुणीतरी ठरवतो, तेही पैशासाठी. म्हणून आजारी पिल्लाची जबाबदारी पूर्णपणे जोडी लावणाऱ्याची. विशेष म्हणजे वाहक कुत्रा टाकाऊ नसतो. त्याची जोडी तपासून निर्दोष ठरलेल्याशी लावली, तर एकही पिल्लू बाधित होत नाही. चाचणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला की पुरते आणि तो कुरिअरने प्रयोगशाळेत पाठवता येतो. एका वेताच्या विक्रीतून जे पैसे येतात, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

लॅब्राडॉरची भूकही काही प्रमाणात जनुकातच आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या 2016च्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्याला खाऊनही दोन जेवणांमध्ये भूक लागत राहते. तो विश्रांतीत ऊर्जाही कमी खर्च करतो, हे त्याच गटाने 2024मध्ये दाखवले. म्हणजे ताटाशी बसून करुण डोळ्यांनी पाहणारा कुत्रा लबाड नसतो, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. तरीही आवरायचे मालकानेच. 2002मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्राडॉर भावंडांच्या जोड्या करून जन्मभर पाहिले. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणारे जवळपास दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. उरलेला भात, बिस्किटे, तेलकट रस्सा कुत्र्याच्या वाटीत ओतणाऱ्या प्रत्येक घराने हे ध्यानात ठेवावे.

रंगाची हौसही महागात पडते. चॉकलेटी पिल्लासाठी लोक जादा पैसे मोजतात. हा रंग आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, म्हणून त्याच्या मागे लागणारे मोजक्याच कुत्र्यांत जोड्या लावत राहतात. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018मध्ये दाखवले की चॉकलेटी लॅब्राडॉरचे मध्यक आयुर्मान 10.7 वर्षे, तर इतर रंगांच्या लॅब्राडॉरचे 12.1 वर्षे होते. कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटीत जास्त होते.

मग शुद्ध जात घ्यावीच कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर एका वाक्यात देणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013मध्ये 24 आनुवंशिक आजारांची पाहणी केली. त्यातले 10 शुद्ध जातींत जास्त होते, एक मिश्र कुत्र्यांत जास्त होता आणि हिप डिस्प्लेशियासह 13 आजारांत फरक दिसला नाही. पण ती मिश्र कुत्री अमेरिकेतली. उधव्याच्या पाड्यांवरचा गावठी कुत्रा कुठल्याही जातींच्या सरमिसळीतून झालेला नाही. तो पिढ्यानपिढ्या इथल्याच ऊन-पावसात, माणसाने जोडी न लावता तगलेला आहे. त्यालाही गोचीड-ताप, डिस्टेंपर आणि रेबीज होतात, त्यालाही लस लागते. मात्र राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर लसीकरण आणि नसबंदी केलेला गावठी कुत्रा ही तडजोड नाही, उत्तम निवड आहे. घराबाहेर फिरणाऱ्या परक्याची चाहूल त्याला लॅब्राडॉरपेक्षा लवकर लागते आणि लॅब्राडॉर तर चोरापुढेही शेपूट हलवील असा प्रेमळ.

ज्याला लॅब्राडॉरच हवा आहे, त्याने विक्रेत्याच्या ‘पेपरवाला आहे’ या आश्वासनावर थांबू नये. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, खुब्याची आणि डोळ्याची हमी देत नाही. आई प्रत्यक्ष पाहावी. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघावे. आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे, पीआरए आणि ईआयसीचे अहवाल मागावेत. त्यावर कुत्र्याचा मायक्रोचिप क्रमांक आहे का, हे पडताळावे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये.

ही शेवटची अट तर कायद्यातच आहे. केंद्र सरकारने 2017मध्ये केलेल्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची वीण करता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. नियम चांगले आहेत, पण मोबाइलवर फोटो पाठवून वाटेत गाठून पिल्लू हातात देणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाहीत.

 म्हणून पालघर जिल्हा प्रशासनाने नोंदणीकृत पैदासकारांची यादी प्रत्येक पंचायत समितीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावी. राज्य मंडळाने पैदासकाराच्या नोंदणीसाठी प्रजननाच्या नराचा आणि मादीचा खुब्याचा एक्स-रे आणि जातीनुसार ठरलेल्या जनुकीय चाचण्यांची सक्ती करावी, आणि त्यांची प्रत पिल्लाच्या पावतीला जोडणे बंधनकारक करावे. पावतीवर विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक नसेल, तर ग्राहकाने पैसे देऊ नयेत. वर्षभरात पिल्लू आनुवंशिक दोषाने आजारी पडले, तर उपचाराचा खर्च विक्रेत्याकडून वसूल करण्याची तरतूद त्याच नियमांत आणता येईल.