दोन सेकंद आणि एक जीव

शिरूर तालुक्यातील केंदूर हे अवर्षणग्रस्त गाव. पावसाने हात आखडता घेतला, तरी सूर्याने कधी घेतला नाही. अशा गावाने छपरावर वीज पिकवावी, ह्याला कोण विरोध करील? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना आणली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान दिले. अनुदानाचा हिशेब चोख आहे. सुरक्षिततेची किंमत कोणी चुकवायची, हा हिशेब मात्र अद्याप कोणी मांडलेला नाही.

आजवर वीज वरून खाली, एकाच दिशेने येत असे. आता छपराछपरावर लहानसे वीजघर उभे आहे आणि त्याची वीज तारेत सोडणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. तारेतील वीज गेली की ह्या यंत्राने दोन सेकंदांत स्वतःही थांबावे, असा दंडक आहे. ते थांबले नाही, तर घरची वीज डीपीतून उलटी चढते आणि ११,००० व्होल्टच्या तारेवर पोहोचते. त्या वेळी खांबावर वायरमन असतो.

एकटा संच साऱ्या गावाचा भार पेलणार नाही, तो तत्काळ बंद पडेल, हे खरे. परंतु तारेचा एखादाच तुकडा वेगळा केलेला असेल, भार थोडा आणि संच अनेक असतील, तर एका यंत्राला दुसऱ्याचीच वीज सरकारी वाटू शकते. जनित्र चेंजओव्हर स्विचवाचून घरात जोडले, तर तोही धोका आहेच.

उत्पादक म्हणतील, यंत्र प्रयोगशाळेत तपासलेले आहे. तपासलेला असतो तो नमुना! गावच्या भिंतीवर टांगलेले यंत्र, त्याची जोडणी, त्याचे अर्थिंग प्रयोगशाळेने पाहिलेले नसते. खेड्यातील व्होल्टेजच्या चढउताराने यंत्र वारंवार बंद पडू लागले की त्याच्या मर्यादा सैल करण्याचा मोह होतो. शिवाय मेन स्विच पाडला तरी ऊन असेतोवर छपरावरून येणाऱ्या तारा जिवंतच राहतात, हे घरातल्या किती जणांना सांगितले गेले आहे?

विक्रीचा नफा विक्रेत्याचा, बिलातील बचत घरमालकाची, उद्दिष्टपूर्तीचे श्रेय सरकारचे. आणि धोका खांबावर चढणाऱ्या कायम वा कंत्राटी कामगाराचा. ही वाटणी न्याय्य नव्हे.

म्हणून संच सुरू करताना आणि पुढे दरवर्षी, पुरवठा तोडून यंत्र थांबते की नाही, हे मालकासमक्ष तपासलेच पाहिजे. प्रत्येक डीपीवर तिला जोडलेल्या संचांची संख्या ठळक लिहिली पाहिजे. कंत्राटी असो वा कायम, प्रत्येक कामगाराच्या हाती वीज तपासण्याचे साधन, हातमोजे आणि तार जमिनीशी जोडण्याची साखळी हवी. आणि ती नसतील तर खांबावर चढण्यास नकार देण्याचा अधिकारही हवा. तपासनीस शोधण्यासाठी दूर जाणे नको. केंदूरशेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो ग्रामीण तरुणांच्या हाती तंत्रज्ञान देण्यासाठीच.

सूर्य फुकट आहे, म्हणून कामगाराचा जीव फुकट ठरत नाही.