चित्र झाकून अक्षर वाचायला सांगा

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. पण घरात अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीत जाणारं पोर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका अंगणवाडीच्या भिंतीसाठी मुळाक्षरं मी करून दिली होती. गुबगुबीत फाँट, प्रत्येक अक्षराला वेगळा रंग, भोवती जाड पांढरी आउटलाइन, अनुस्वाराच्या जागी फूल. पेंटरने तेच भिंतीवर उतरवलं. उद्घाटन झालं, कौतुक झालं, मीही हौसेने फोटो टाकले.

मध्यंतरी तिथल्या ताईंनी बोलावून घेतलं. एका पोराला भिंतीजवळ नेऊन विचारलं, "हे काय?" पोरगं खणखणीत म्हणालं, "भ भाताचा." मग ताईंनी भाताच्या ताटाचं चित्र तळहाताने झाकलं आणि पुन्हा विचारलं. पोरगं बराच वेळ बघत राहिलं. मग हळूच म्हणालं, "म."

चूक पोराची नव्हती, माझी होती. दोन वर्षं ती मुलं अक्षर वाचतच नव्हती, चित्र वाचत होती. आणि आम्ही सगळे खूश होतो, की मुलं भिंतीवरून शिकतायत.

झालं काय होतं, ते सांगतो. भ आणि म यांच्यात फरक किती? भच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटते आणि तिथे छोटी गाठ असते. मची रेघ सलग असते. घ आणि ध यांचंही तसंच. म्हणजे सगळा खेळ त्या एवढ्याशा फटीचा. त्या फाँटमध्ये फट आधीच बारीक होती. मी कोरलमध्ये आउटलाइन जाड केली आणि ती बुजली. ब आणि व यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा फरक असतो. अक्षर फार फुगवलं की ती रेघ दिसेनाशी होते. ख सुटा सुटा झाला की 'रव' वाचला जातो. आणि अंवरचं फूल? आजूबाजूला नक्षीची दहा फुलं होती. त्यातलं अनुस्वाराचं कुठलं, हे पोरानं कसं ओळखायचं?

मोठ्यांचं यात काही अडत नाही. आपण अख्खा शब्द नजरेत घेतो आणि अंदाजाने पुढे जातो. ज्याला अक्षरच पहिल्यांदा भेटतंय, त्याच्याकडे अंदाज बांधायला काही नसतं.

यावर काही जण म्हणतील, "मग काय भिंतीवर सरकारी पत्रासारखी अक्षरं काढायची? मुलांना रंगीबेरंगी, गमतीशीर नको?" हवंच की! गमतीशीर अक्षरांना माझा विरोध नाही, माझं पोट त्यावर चालतं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची अक्षरं अशी काढली, की नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतूनच कळायचा. अक्षरानं नाचावं, हसावं, डोळे मिचकावावे. फक्त जागा बघून. 'बालमेळावा', 'खाऊगल्ली', वाढदिवसाचं बोर्ड, गोष्टीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, इथं हवी तेवढी मजा करा. पण जिथं मूल अक्षर शिकणार आहे, तिथं मजा रंगात करा, चित्रात करा, आकारमानात करा. अक्षराच्या ओळखीला हात लावू नका. एकदा ओळख पक्की झाली, की तेच मूल वाकडंतिकडं अक्षरही हसत वाचेल.

चांगले फाँट मिळत नाहीत, ही सबब आता चालणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'बलू' आणि 'मोदक' हे फाँट गुगल फाँट्सवर फुकट आहेत, धंद्याच्या कामातही वापरता येतात. मोदक नावाप्रमाणेच गोलमटोल आहे, मोठ्या मथळ्यात झकास दिसतो. पण तोच छोट्या आकारात, बाराखडीच्या तक्त्यात वापराल, तर अक्षरांच्या आतल्या बारीक फटी मिटतील. ही फाँटची चूक नाही, वापरणाऱ्याची आहे. 'बलू २'मध्ये साध्यापासून जाडपर्यंत वजनं आहेत. बालसुलभ गोलाई हवी आणि अक्षरही स्पष्ट हवं, तर त्यातलं मधलं वजन घेऊन बघा.

आणखी एक. आपल्या प्रमाण वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. पोरं पाटीवर तोच गिरवतात. पण बरेच देवनागरी फाँट सुरुवातीला हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. आत्ता ही पोस्ट वाचताना तुमच्या मोबाइलवर ल कसा दिसतोय, तेच बघा! काही फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. पण निवडायची कुणी? पोराला शाळेत एक ल, भिंतीवर दुसरा. मग ते गोंधळलं, की आपण म्हणणार लक्ष नाही.

मी आता लहान मुलांच्या कामासाठी फाँट घेताना एक वाक्य टाइप करून बघतो: "भाऊ धावत घरी आला, मामाने खाऊ दिला, बाळ थबकलं, वाऱ्याने शाल उडाली." ते प्रिंट काढून दहा फुटांवरून वाचतो. ऱ्या तुटला, ळ भलताच आला, भचा म झाला, तर फाँट बाद. दोन मिनिटांचं काम आहे. 'ॲ'सुद्धा तपासा, काही फाँटमध्ये त्या जागी नुसता चौकोन येतो.

माझं म्हणणं एवढंच. शाळा-अंगणवाडी रंगवायला ग्रामपंचायतीचा, लोकवर्गणीचा पैसा लागतो. माझ्याकडे ऑर्डर येते तेव्हा रंग कुठला, कार्टून कुठलं, देणगीदाराचं नाव केवढं, सगळं ठरलेलं असतं. अक्षर कसं असावं, हे आजवर एकानेही विचारलं नाही. रंगवण्याआधी नमुना ताईंना, पहिलीच्या गुरुजींना दाखवा. त्यांच्या होकाराशिवाय ब्रश लावू नका. आणि माझ्यासारख्या दुकानदारांनीही "गिऱ्हाईक म्हणालं म्हणून केलं" हे बंद करावं.

त्या भिंतीवरची अक्षरं मी स्वखर्चाने पुन्हा रंगवून दिली. उपकार नाही केले, माझंच देणं होतं.

तुमच्या गावच्या शाळेत जाणं झालं, तर एवढं करा. भिंतीवरचं चित्र तळहाताने झाका आणि एखाद्या पोराला अक्षर वाचायला सांगा. काय उत्तर आलं, ते इथं लिहा.