कलावंताचे बियाणे



शेतकऱ्याच्या घरी एक नियम कोणी लिहून ठेवलेला नसतो, तरी तो लहान मुलालाही ठाऊक असतो. सुगी संपून भात घरात आले की पुढील पेरणीचे बियाणे प्रथम बाजूला काढावयाचे आणि उरलेल्यावर संसार चालवावयाचा. वैशाखात कणगीचा तळ दिसू लागला तरी बियाण्याला हात लागत नाही. कारण जो बियाणे खातो तो पुढील वर्षाचे शेतच खाऊन टाकतो, हे सर्वांस समजते.

आज आपल्या खेड्यापाड्यांतील अनेक तरुणांनी शेतीला जोडून किंवा शेती सोडून कलेचा व्यवसाय धरला आहे. कोणी लग्नसमारंभाची छायाचित्रे काढतो, कोणी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवितो, कोणी संगणकावर निमंत्रणपत्रिका व फलक तयार करतो. हे श्रम प्रतिष्ठेचे आहेत. परंतु या मंडळींस ना मासिक पगार, ना भविष्यनिर्वाह निधी. कचेरीतील कारकुनाचे यंत्र बिघडले तर मालक ते दुरुस्त करून देतो. येथे मालकही तोच आणि नोकरही तोच. म्हणून ऐन हंगामात कॅमेरा बंद पडला किंवा संगणकाने दगा दिला की सारे घर हवालदिल होते. मुलांच्या शाळेची फी, आईचे औषध, पत्नीच्या अंगावरील सोने, सर्वांवर एकदम संकट येते आणि त्यास आपण ‘अचानक आलेला खर्च’ असे नाव देतो.

हा खर्च खरोखर अचानक येतो काय? आपल्या गावच्या छायाचित्रकाराचेच उदाहरण घेऊ. यांत्रिक शटर असलेल्या कॅमेऱ्याचे शटर सुमारे किती वेळा उघडझाप सहन करील, याचा अंदाज अनेक उत्पादक देतात. तो आकडा बहुधा १ लाख ते २ लाखांच्या आसपास असतो. एखादे यंत्र त्याहून अधिक टिकते, तर एखादे आधीच थकते. एका लग्नात ३,००० छायाचित्रे काढली, तर दीड लाखाचा हिशेब ५० लग्नांत पुरा होतो. बॅटरीचेही तसेच. काहीशे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती घटू लागते. म्हणजे बिघाडाचा दिवस अवचित येत असला, तरी झीज मात्र रोजच्या रोज होत असते. बैल ज्या दिवशी बसतो त्या दिवशी तो म्हातारा झालेला नसतो.

आता हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. समजा, एका लग्नाचे ३०,००० रुपये मिळाले. त्यातून अल्बम व छपाईचे ८,०००, मदतनीसाचे ५,००० आणि प्रवासाचे १,००० गेले. उरले १६,०००. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, “मुलाने दोन दिवसांत सोळा हजार मिळविले!” परंतु कॅमेरा १,२०,००० रुपयांचा असेल आणि तो ५० लग्ने चालेल असे धरले, तर प्रत्येक लग्नात त्याचे २,४०० रुपये झिजले. भिंग, फ्लॅश, बॅटऱ्या, संगणक यांचे मिळून आणखी १,६०० धरा. हे ४,००० रुपये अवजाराचे आहेत. घराची कमाई १२,०००. वर्षाला २५ लग्ने मिळाली, तर अवजाराच्या नावाने १ लाख रुपये जमतात. मग कॅमेरा बंद पडला तरी सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येत नाही.

हे ४,००० रुपये वेगळ्या बचतखात्यात, पैसे हाती पडतील त्याच दिवशी ठेवावेत. महिनाअखेरीस उरेल ते ठेवू असे म्हटले, तर काहीच उरत नाही. त्यातील काही भाग केव्हाही काढता येईल असा असावा, बाकीचा मुदतठेवीत गुंतवावा. आपल्या लोकांस हे विशेष आवश्यक आहे, कारण आगमनकाळात व प्रायश्चित्तकाळात आपल्याकडे लग्ने क्वचितच होतात, हिंदू शेजाऱ्यांकडे चातुर्मासात होत नाहीत. काम हंगामाचे, पण पोट मात्र बारा महिन्यांचे!

खर्च टाळणे हीदेखील कमाईच होय. गोवा, खानापूर, चंदगड या मुलखांतील पावसाळ्यात कातडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात भिंगे ठेवावीत आणि उघडीप मिळताच ती वापरात आणावीत. वळवाच्या गडगडाटात संगणकाची तार भिंतीवरील प्लगमधून काढून ठेवावी. छायाचित्रांच्या प्रती निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. यंत्र पुन्हा विकत घेता येते, पण कोणा कन्येचा विवाहदिन पुन्हा आणता येत नाही. चोरी व अपघात यांसाठी साधनांचा विमा मिळतो, मात्र नित्याच्या झिजेची भरपाई विमा करीत नाही, हे ध्यानात असावे.

इतके करूनही निधी जमण्यापूर्वीच संकट आले तर? प्रथम घाबरून नवीन वस्तू घेण्यास धावू नये. अधिकृत दुरुस्तीकेंद्रात यंत्र दाखवावे, हमीची मुदत शिल्लक आहे काय ते पाहावे आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. तोवर स्वीकारलेले काम पार पाडण्यासाठी शहरातून कॅमेरा भाड्याने आणावा किंवा व्यवसायबंधूकडून मागून घ्यावा. आज त्याने दिला, तर उद्या आपणही द्यावा.

कर्ज काढणे भागच पडले, तर ते डोळे उघडे ठेवून काढावे. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांस भुलू नये. शून्य व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही आणि ते व्याज पुष्कळदा शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच घेतले जाते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सवलत हप्त्याच्या गिऱ्हाइकास बहुधा मिळत नाही, हाही व्याजाचाच एक प्रकार. क्रेडिट कार्डाची बाकी थकली, तर व्याज दरमहा ३ टक्क्यांहून अधिक, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. त्यापेक्षा बँकेत जाऊन मुद्रा योजनेची चौकशी करावी. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत लहान व्यावसायिकास तारणाशिवाय कर्ज मिळते. ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ या वर्गात मोडते. गावची पतसंस्था विश्वासाची असेल तर तिचेही दार ठोठवावे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर १९०५ साली गदगजवळील कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने पतसंस्था उभी राहिली. सावकाराच्या पाशातून कष्टकऱ्याची मान सोडविणे हाच अशा संस्थांचा हेतू होता. कॅमेरा धरणारा हातही कष्टकऱ्याचाच आहे.

शेवटी दोन शब्द घरच्या मंडळींस. कित्येकदा कलावंत स्वतः उधळा नसतो. घरच्यांना सारी रक्कम कमाई वाटते आणि तो संकोचाने नाही म्हणू शकत नाही. बहिणीचे लग्न, घराची कौले, गावचा सण, प्रत्येक वेळी अवजाराचा पैसा प्रथम उचलला जातो, कारण तो पडून राहिलेला दिसतो. आईबापहो, तो पडून राहिलेला पैसा नव्हे. आणि तरुण मित्रांनो, तुम्हीही शेजारच्या गावातील छायाचित्रकाराने नवा कॅमेरा घेतला म्हणून आपला चांगला चालता कॅमेरा विकण्यासाठी त्या निधीत हात घालू नका. बियाणे हौसेसाठीही खावयाचे नसते.

येत्या रविवारी जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. कागदावर अवजारांची नावे, त्यांची किंमत आणि ती किती दिवस पुरतील हे लिहावे आणि दर कामामागे किती रक्कम बाजूला काढावयाची ते ठरवावे. तो आकडा वडिलांस ठाऊक असावा, पत्नीस ठाऊक असावा, जाणत्या मुलांसही ठाऊक असावा. कणगीतले बियाणे सारे घर राखते, म्हणूनच ते पेरणीपर्यंत टिकते.