मातीच्या मडक्याला कल्हई?

'स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारवर आणखी पैसे घालणे म्हणजे मातीच्या मडक्याला कल्हई!' हिंगोलीत आमच्या एका व्यासंगी सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याला सुनावले. विधान झोकदार आहे, आणि साफ चुकीचे. मान पिळलेली असेल तर गोष्ट वेगळी; एरवी अशी गिटार बेसूर होते ती बरेचदा 'नट' नावाच्या पट्टीमुळे (रंगभूमीशी तिचा संबंध नाही). तिच्या ओबडधोबड खाचांत तार अडकते, सूर उतरतो, आणि मुलगा बिचारा स्वतःच्या कानाला दोष देतो. प्लास्टिकची पट्टी काढून हाडाची, नीट कोरलेली बसवली की निम्मे दुखणे सरते. आवाज पातळ वाटला तर पिकअप बदलावा. चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच तो ऐवज; डाग देता येणारा रेडिओ-दुरुस्तीवालाही तो बसवू शकतो.

मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची घोडी झिजते, जवारी पुन्हा काढावी लागते, पडदे नव्याने बांधावे लागतात. तिथे या कामाला आपण कारागिरी म्हणतो. गिटारपाशी आलो की तीच कल्हई! आणि हे सहकारी स्वतःच्या सतारीची जवारी काढायला नेमाने मिरज गाठतात.