‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ म्हणजे काय, ते एकदा ठरवा

भारताचे औषध महानियंत्रक यांस,

महोदय,

माझ्या आईने मेडिकलमधून चेहऱ्याचं क्रीम आणलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’. दुकानदार म्हणाला, “काकू, बिनधास्त लावा, ह्याने काही होत नाही.” तिसऱ्या दिवशी तिच्या पापण्या सुजून डोळे उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. पट्ट्या काढल्यावर सुगंधी द्रव्यांच्या जागी लालभडक पुरळ होतं. आम्ही क्रीमचं खोकं पुन्हा पाहिलं, तर घटकांच्या यादीच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘परफ्यूम’ होतंच.

थायरॉइडमुळे ‘हायपो’ घराघरांत ठाऊक आहे: हायपो म्हणजे कमी. पण खोक्यावर तो शब्द दिसला की माणूस ‘कमी’ नाही, ‘अजिबात नाही’ असंच वाचतो. आणि कमी म्हणजे तरी कशापेक्षा कमी?

अमेरिकेत 1975 साली अन्न व औषध प्रशासनाने नियम केला होता: हा शब्द छापायचा तर इतरांच्या मालापेक्षा आपल्या मालाने कमी त्रास होतो, हे माणसांवरच्या चाचणीत दाखवा. आल्मे आणि क्लिनिक या कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियम रद्द झाला. ग्राहक या शब्दाचा तोच अर्थ घेतात, हे प्रशासनाला दाखवता आलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. तिथे आजही या शब्दाला मापदंड नाही.

आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही त्याची व्याख्या नाही. दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना मात्र त्याच नियमांत मनाई आहे. मग शब्दाचा अर्थच ठरलेला नसेल, तर दिशाभूल झाली की नाही हे तुमचा निरीक्षक कशावर ताडून पाहणार?

माझ्या दोन मागण्या आहेत. या शब्दामागे कोणती चाचणी हवी ते ठरवा, नाहीतर तो खोक्यावर छापूच देऊ नका. आणि ‘परफ्यूम’ या एका शब्दाआड सगळं झाकू देऊ नका. युरोपात 2005 पासून अ‍ॅलर्जी करणारी 26 सुगंधी द्रव्यं ठरावीक प्रमाणापुढे नावानिशी छापावी लागतात; 2023 मध्ये ती यादी आणखी वाढवली. आपल्याकडेही केसांच्या डायच्या खोक्यावर ‘आधी चाचणी घ्या’ ही सूचना स्थानिक भाषेत छापायला लावलेलीच आहे. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

डॉक्टरांनी आईला टाळायच्या द्रव्यांची चिठ्ठी लिहून दिली आहे. ती पर्समध्ये ठेवून आई दुकानात जाते, चष्मा लावून एकेक खोकं उलटं करून पाहते. चिठ्ठीत जेरॅनिऑल आहे, सिनॅमाल आहे. खोक्यावर नुसतं ‘परफ्यूम’.

आपली,
एक ग्राहक, सांगली