इशारा थोडा, पण नेमक्या माणसाला

२० जुलै २०२३ रोजी सकाळी राज्यातल्या अनेकांचे फोन एकाच वेळी जोरात वाजले. दूरसंचार विभागाने आपत्कालीन सूचनेची चाचणी घेतली होती. पूर येणार असेल तर असा सरसकट इशारा योग्यच, कारण पाणी सगळ्यांच्याच घरात शिरते. पण आजार सरसकट नसतो. म्हणूनच रुग्णालयात सरसकट इशारा उपयोगी पडत नाही, उलट कधी कधी घातक ठरतो.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की सरकारी रुग्णालये झपाट्याने संगणकावर येत आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. केस पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांचा साठा हे सगळे हळूहळू पडद्यावर दिसू लागले आहे. दुकानांची विक्री आणि गोदामातला माल यांचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअरे जशी असतात, तशाच घडणीची ही व्यवस्था आहे. ‘अमुक आकडा तमुक मर्यादेच्या खाली गेला की सूचना येईल’ ही सोयही तिथलीच. व्यापारात एखादी सूचना नजरेतून सुटली तर चार पैशांचे नुकसान होते. वॉर्डात सुटली तर माणूस जातो. त्यामुळे या सूचना कशा आखल्या जातात, हे केवळ कंपनी आणि खरेदी विभागावर सोडून चालणार नाही.

खरे तर ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. जॉर्ज लुंडबर्ग यांनी प्रयोगशाळांसाठी एक साधा नियम मांडला. जीव धोक्यात आहे असे सांगणारा आकडा आला, तर रिपोर्ट नेहमीच्या गठ्ठ्यात टाकायचा नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत तो लगेच पोहोचवायचा. आज जगभरातल्या प्रयोगशाळा हा नियम पाळतात. आपल्याकडेही पोटॅशियम ६.८ आले की लॅबमधून वॉर्डात फोन यायला हवा, घेणाऱ्याने तो आकडा परत म्हणून दाखवायला हवा आणि दोघांची नावे वहीत लिहिली जायला हवीत. या पद्धतीत तीन गोष्टी पक्क्या असतात: इशारा कोणाला द्यायचा, किती वेळात द्यायचा आणि तो मिळाल्याची खूण काय. संगणक आला की नेमक्या याच तीन गोष्टी विसरल्या जातात, कारण यंत्राला एकाऐवजी पन्नास जणांना संदेश पाठवायला काहीच कष्ट पडत नाहीत.

त्याचा परिणाम अमेरिकेने मोजून पाहिला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयात अतिदक्षता विभागांतल्या ७७ खाटांच्या मॉनिटरची ३१ दिवस नोंद ठेवली, तेव्हा २५ लाखांहून अधिक इशारे निघाले. त्यांतले कानावर पडणारे इशारेच दर खाटेमागे रोज १८७ होते. इतक्या आवाजात कोणतीही सिस्टर प्रत्येक वेळी धावत जाऊ शकत नाही. मेंदू आपोआप आवाज गाळू लागतो. हा आळस नव्हे, हा शरीरधर्म आहे. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये याबद्दल सावध केले. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात इशाऱ्यांशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत ८० रुग्ण दगावले होते.

त्याच वर्षी, त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात सोळा वर्षांच्या एका मुलाला को-ट्रायमॉक्साझोलची एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस. मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहायची की किलोमागे मिलिग्रॅममध्ये, या गोंधळातून ही चूक झाली. संगणकाने डॉक्टरांना सावध केले, औषधनिर्मात्यालाही केले. दोघांनीही ती चौकट बंद करून पुढचे बटण दाबले, कारण दिवसभरात किरकोळ कारणांसाठी येणाऱ्या चौकटीही अगदी तशाच दिसत. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला. इशारा नव्हता म्हणून नव्हे, इशारे फार होते म्हणून ही वेळ आली.

आता आपल्या जिल्ह्यातले उदाहरण पाहू. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्गाबरोबर वर्धा होता. राज्यात त्यासाठी ‘सिंपल’ नावाचे मोबाइल अ‍ॅप वापरात आले. त्यातली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट म्हणजे तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची यादी. हे अ‍ॅप उठसूट घंटी वाजवत नाही. त्या त्या दवाखान्यातल्या सिस्टरला आपल्याच दवाखान्याचे, गोळ्या न्यायला न आलेले रुग्ण दिसतात. नावावर बोट ठेवले की फोन लागतो. बोलून झाले की निकाल नोंदवायचा: येतो म्हणाले, नंतर आठवण करा, किंवा यादीतून काढा. यादीतून काढताना कारणही द्यावे लागते. म्हणजे इशारा कोणाचा, त्यावर काय करायचे आणि तो केव्हा मिटला, हे सगळे ठरलेले आहे. चांगल्या आखणीचा याहून सोपा नमुना मला माहीत नाही.

तरीही यंत्राला न दिसणारे बरेच काही उरते. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत आईच्या केस पेपरवर मुलाचा नंबर असतो आणि मुलगा पुण्यात कामाला असतो. आठवणीचा संदेश पुण्यात पोहोचतो, आई इथे गोळ्यांविना राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला केलेला फोन कोणी उचलत नाही. मुंबईच्या ‘आरमान’ संस्थेने गरोदर स्त्रियांसाठी ‘एममित्र’ ही सेवा सुरू केली, तेव्हा फोन कोणत्या वेळी यावा हे त्या स्त्रीलाच निवडू दिले. संदेश लेखी नव्हे, आवाजी ठेवला. पुढे कोणती स्त्री फोन ऐकणे सोडून देण्याची शक्यता आहे याचा संगणकाने अंदाज घ्यायचा आणि मोजक्या कार्यकर्त्यांनी आधी तिच्याशी बोलायचे, असाही प्रयोग झाला. सुमारे २३ हजार स्त्रियांच्या अभ्यासात सेवेपासून तुटण्याचे प्रमाण त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्राने माणसाला बाजूला सारले नाही, माणसाचा वेळ कुठे लावायचा ते सांगितले.

व्यक्तीनुसार इशारा का हवा, हे वर्धेच्या उन्हाळ्यात सगळ्यांत स्पष्ट दिसते. पारा पंचेचाळिशीकडे गेला की हवामान विभागाचा इशारा येतो आणि ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला सर्वांना जातो. शेतमजुराला तो अगदी योग्य आहे. पण हृदय कमजोर असलेल्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्या रुग्णाला तोच सल्ला श्वास लागेपर्यंत नेऊ शकतो. उलट रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला उन्हात चक्कर येऊ शकते, त्याची मात्रा तपासावी लागते. कोणाला कोणती गोळी चालू आहे, हे आपल्या नोंदींत आहे. मग त्या रुग्णांना एप्रिलमध्येच ‘गोळी स्वतःहून बंद करू नका, पण एकदा दाखवून जा’ असा निरोप आशाताईंमार्फत का जाऊ नये?

यावर एक आक्षेप हमखास येतो. इशारे कमी केले आणि नेमका महत्त्वाचा सुटला तर जबाबदार कोण? म्हणून सगळेच दाखवा, पाहणारा ठरवेल. ही भीती खोटी नाही. पण सगळे दाखवण्याने जबाबदारी पार पडत नाही, ती फक्त शेवटच्या पाळीतल्या सिस्टरच्या किंवा निवासी डॉक्टरच्या माथी मारली जाते. त्यापेक्षा तीन पायऱ्या कराव्यात. जिवाशी खेळ असेल तर काम थांबवणारा इशारा आणि सोबत फोन. आज करण्यासारखे असेल तर दिवसातून एकदा यादी. नुसती माहिती असेल तर महिन्याचा अहवाल. पहिल्या पायरीवरचा इशारा ठरावीक मिनिटांत कोणी घेतला नाही, तर तो आपोआप वरिष्ठांकडे जावा. आणि ज्या इशाऱ्याकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होते, तो दर तिमाहीला तपासून सुधारावा किंवा काढून टाकावा.

गुप्ततेचाही विचार हवा. एकच फोन अख्खे घर वापरते, तिथे क्षयरोगाचे किंवा एचआयव्हीचे नाव संदेशात येता कामा नये. ‘दवाखान्यात भेटायला या’ एवढे पुरे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण सुनेच्या आजाराची बातमी सासरी फुटल्यावर कायदा तिला लगेच वाचवू शकत नाही.

माझी मागणी साधी आहे. सरकारी रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घेताना ‘किती प्रकारचे अलर्ट देते’ हा रकाना निविदेतून काढावा. त्याऐवजी ‘किती अलर्टवर प्रत्यक्ष काम झाले ते दाखवते का’ हा प्रश्न विचारावा. आखणीच्या बैठकीत रात्रपाळी करणारी सिस्टर, लॅब टेक्निशियन आणि एक आशाताई असाव्यात, कारण इशारा कुठे अडतो ते त्यांना ठाऊक असते.

वाचकांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की केस पेपरवर कोणाचा नंबर आहे ते पाहा. तो तुमचा नसेल तर बदलून घ्या. फोन कोणत्या वेळी उचलता येतो तेही सांगून ठेवा.