सही कुणाची?

गेल्या महिन्यात भाचा सहा पानांचा इंग्रजी करारनामा घेऊन घरी आला. त्याची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तो आणि त्याचा मित्र, दोघे संचालक. शाळकरी मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांचे ॲप बनवतात. एका मोठ्या कंपनीने बोलणी करण्याआधी गोपनीयतेचा करार मागितला होता. "मामू, एक सहीच तर करायचीय," तो म्हणाला.

मी वकील नाही, शिक्षक आहे. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय तेवढी आहे. सहीच्या जागी भाच्याचे नाव आणि घरचा पत्ता होता. त्याच्या कंपनीचे नाव सहाही पानांत कुठेच नव्हते.

वर्गात मी मुलांना सांगतो, दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिखाण. दस्तखत हात कुणाचा ते सांगतो. तो कुणाच्या वतीने चालला, हे कागदावर वेगळे लिहावे लागते.

कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे 1896 साली सॉलोमन खटल्यात इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. आपल्याकडेही हेच तत्त्व चालते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 230 नुसार दुसऱ्याच्या वतीने करार करणारा प्रतिनिधी एरवी स्वतः बांधला जात नाही. पण आपण कुणाच्या वतीने सही करतो आहोत हे त्याने उघड केले नाही, तर तो बांधला गेला असे गृहीत धरतात. म्हणजे उद्या भरपाईचा दावा झाला, तर तो कंपनीच्या खात्यापाशी न थांबता भाच्याच्या नावावरच्या दोन खोल्यांपर्यंत पोहोचू शकला असता.

समोरच्यांचेही म्हणणे अगदीच चूक नाही. कंपनी बंद होते, पण गुपित संचालकाच्या डोक्यात राहते. प्रश्नपत्रिकेच्या कामाला बसताना गोपनीयतेची हमी मीही स्वतःच्या नावानेच देतो. पण ती माझ्या तोंडाची हमी असते, सगळ्या स्टाफरूमची नव्हे.

म्हणून माझे मत असे: करार कंपनीच्या नावाने व्हावा. सहीवर कंपनीचे पूर्ण नोंदणीकृत नाव, खाली "संचालक", आणि सोबत संचालक मंडळाचा ठराव. वैयक्तिक वचन हवे असेल तर ते वेगळ्या कागदावर, मुदत घालून, फक्त स्वतःच्या वागण्यापुरते द्यावे. मजकुरात "मी व्यक्तिशः जबाबदार" असे लिहिलेले असेल, तर खालचा "संचालक" हा शब्द वाचवेलच असे नाही. शंका आली तर वकिलाची फी द्यावी. ती दोन खोल्यांपेक्षा स्वस्तच पडते.

भाच्याने तसे लिहून पाठवले. आठवड्याभरात दुरुस्त कागद आला, कुणी रागावले नाही. आपणच विचारायला लाजतो.

अरबीतली अमानत मराठीत अनामत झाली. दुसऱ्याचे गुपितही अनामतच आहे. ती जरूर सांभाळावी. फक्त ती कुणाच्या नावावर ठेवली, हे सहीआधी पाहून घ्यावे.